कंपनीच्या परवान्यावर परदेशी

एखादा उद्योग आपल्या मूळ गावाची वेस ओलांडून परमुलखात शाखा काढू लागतो, तेव्हा भांडवलाची, यंत्रांची आणि आराखड्यांची रवानगी त्याला फारशी जड जात नाही. जड जाते ती त्या जाणतेपणाची रवानगी, जे कोणत्याही आराखड्यावर उतरलेले नसते आणि वर्षानुवर्षे एकाच भट्टीपाशी वा एकाच दफ्तरात झिजलेल्या माणसांच्या अंगीच काय ते मुरलेले असते. कोल्हापूरच्या ओतशाळेतील जुना मेस्त्री साच्याची माती मुठीत आवळून तिच्यातील ओलावा सांगतो. पुण्याच्या हिंजवडीत बसून एखाद्या परदेशी बँकेची वीस वर्षांची जुनी संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या अभियंत्याला, महिनाअखेरीच्या रात्री कोणत्या नोंदीला हात लावायचा नाही हे ठाऊक असते, आणि ते कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. ही विद्या टपालाने जात नाही, तारेनेही पुरती जात नाही; ती माणसाबरोबरच जाते. म्हणून नव्या ठाण्यावर आपला माणूस धाडण्याची उद्योगाची निकड खरी आहे, आणि जे टीकाकार या निकडीला केवळ सबब समजतात त्यांनी कारखाना आतून पाहिलेला नसावा असे मला वाटते.

ही निकड आजची नव्हे. मारवाडी पेढ्यांचे मुनीम राजपुतान्यातून निघून कलकत्त्यापर्यंत आणि वऱ्हाडच्या कापूसबाजारांपर्यंत पोचले ते पेढीच्याच कामावर. इ. स. १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला सुरतेत वखार घालण्याची मुभा मिळाली. तेव्हा फर्मान कंपनीला होते आणि तिचे करारबद्ध नोकर त्या फर्मानाच्या छायेखाली सुरतेत राहत व व्यापार करीत. कंपनीची मर्जी फिरली की त्या नोकराला सुरतेत उभे राहण्याचा आधार उरत नसे. साडेतीनशे वर्षांनंतर आधुनिक राष्ट्रांनी, छापील नमुने आणि सविस्तर कलमे यांच्यासह, हीच व्यवस्था पुन्हा उभी केली, हे माझ्या विवेचनाचे मूळ होय.

अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतरकायदा आमूलाग्र बदलला. त्या बदलानंतर तेथील बहुराष्ट्रीय कंपन्यांना आपलेच परदेशी अधिकारी आपल्याच मुख्य कचेरीत बोलावून घेणे दुरापास्त होऊ लागले. त्यांच्या तक्रारींचा परिणाम म्हणून १९७० च्या एप्रिलमध्ये एक नवा वर्ग निर्माण झाला आणि तोच पुढे ‘एल-१’ या नावाने जगभरच्या नोकरदारांच्या तोंडी बसला. त्याची रचना थोडक्यात अशी: मागील तीन वर्षांपैकी किमान एक वर्ष सलग ज्याने कंपनीच्या परदेशातील शाखेत, उपकंपनीत वा मातृकंपनीत काम केले आहे, त्याला तीच कंपनी अमेरिकेतील आपल्या कचेरीत बदलीवर आणू शकते, तो व्यवस्थापक असेल तर अधिकात अधिक सात वर्षे, आणि कंपनीविषयी विशेष ज्ञान असलेला तज्ज्ञ असेल तर पाच वर्षे. ‘एच-१बी’ या दुसऱ्या सुपरिचित परवान्याला वर्षाकाठी ६५ हजारांची आणि तेथील उच्चपदवीधरांसाठी आणखी २० हजारांची मर्यादा आहे, तिथल्या प्रचलित दराने वेतन देण्याची अट आहे. एल-१ ला संख्येची मर्यादा नाही आणि प्रचलित वेतनाचे बंधनही नाही. उद्योगविस्ताराला सोयीचा मार्ग म्हणून त्याची ख्याती झाली यात नवल नाही.

परंतु या सर्व सोयी कोणाला मिळाल्या, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. अर्ज कंपनीचा असतो, मंजुरी कंपनीच्या नावे येते, मुदतवाढ मागायची ती कंपनीने. ज्याचे घरदार हलणार, ज्याची मुले शाळा बदलणार, ज्याचे वृद्ध आईबाप मागे राहणार, तो माणूस या व्यवहारात अर्जाचा विषय असतो, अर्जदार नसतो. एच-१बी वर गेलेल्याला २००० सालच्या कायद्याने एवढी तरी मुभा दिली की दुसऱ्या मालकाने त्याच्यासाठी अर्ज दाखल करताच त्याने नव्या कामावर रुजू व्हावे. एल-१ वर गेलेल्याला तशी मुभा नाही. कंपनीने त्याला कमी केले, तर २०१७ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे त्याला साठ दिवसांची सवलत मिळते, आणि परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. त्या साठ दिवसांत घरभाड्याचा करार मोडायचा, मोटार विकायची, मुलांचे दाखले काढायचे आणि निघायचे.

या बंधनाचे मर्म ‘विशेष ज्ञान’ या कायद्याच्या कसोटीत आहे. उमेदवाराला केवळ उत्तम अभियंता असून चालत नाही. त्याचे ज्ञान त्या एका कंपनीच्या उत्पादनाशी, तिच्या साधनांशी, तिच्या कार्यपद्धतीशी निगडित असले पाहिजे, नाहीतर तसा अभियंता अमेरिकेतच मिळेल असे म्हणून अर्ज नामंजूर होतो. अनेक अर्जदारांसाठी एकच सामुदायिक मंजुरी घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ही परीक्षा वकिलातीच्या खिडकीवरच होते. २०१४ च्या डिसेंबरपासून भारतातील असे सर्व अर्ज तपासण्याचे काम चेन्नईच्या वकिलातीकडे सोपविण्यात आले, त्यामुळे पुण्यामुंबईच्या उमेदवारालाही कागदांची जाड फाइल काखेत मारून चेन्नई गाठावी लागे. काचेपलीकडचा अधिकारी दोनचार मिनिटांत एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतो: तुला असे काय येते, जे तुझ्या शेजारच्या टेबलावरच्याला येत नाही, आणि ते शिकवायला किती महिने लागतील? ज्याने आयुष्यभर आपली विद्या सर्वत्र चालणारी असावी म्हणून परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रे मिळविली, त्याला तेथे उभे राहून आपले ज्ञान या एका कंपनीबाहेर फारसे कोठे आढळत नाही हे पटवून द्यावे लागते. उत्तर जितके समाधानकारक, तितका परवाना निश्चित. आणि परवाना मिळाल्यावर त्याच कारणाने त्याला बाहेर विचारणारेही तितकेच थोडे. कायदा अशा रीतीने ज्या गुणासाठी माणसाची निवड करतो, तोच गुण त्याला मालकाशी जखडून टाकतो. ही योजना कोणी दुष्ट हेतूने केली असे मी म्हणत नाही. पण तिचा परिणाम हा असा आहे आणि तो गेल्या अर्धशतकात कोणी गांभीर्याने तपासलेला दिसत नाही.

अमेरिकेतील कामगारांची तक्रार याच्या उलट बाजूने येते, आणि ती टाकाऊ नाही. २००३ साली फ्लोरिडातील एका कंपनीतील संगणक-कर्मचाऱ्यांना, आपल्या जागी बाहेरच्या कंत्राटदाराने एल-१ वर आणलेल्या भारतीयांना काम शिकवून मग नोकरी सोडण्याची पाळी आली, तेव्हा हा मामला तेथील लोकप्रतिनिधीगृहापर्यंत गेला. त्यातून २००४ चा सुधारणाकायदा झाला: विशेष ज्ञानाच्या नावाखाली आणलेला माणूस मुख्यत्वे दुसऱ्या कंपनीच्या जागेत, तिच्याच देखरेखीखाली, केवळ मजूर पुरवावा तसा ठेवता येणार नाही असे बंधन आले. बंधन योग्य होते. त्याहून बोलके उदाहरण २०१४ साली उजेडात आले. कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे एका कंपनीने आपल्याच बंगळूरच्या कचेरीतून आणलेल्या आठ कर्मचाऱ्यांना नव्या इमारतीत संगणक बसविण्याच्या कामी जुंपले, आठवड्याला १२२ तासांपर्यंत राबविले आणि त्यांना बंगळूरचाच पगार रुपयांत चालू ठेवला, जो तासाला १ डॉलर २१ सेंट पडत होता. त्या राज्याचे किमान वेतन त्या वेळी तासाला ८ डॉलर होते. मजूरखात्याने ४० हजार डॉलरांहून अधिक थकबाकी वसूल करून दिली. ते आठजण कोणत्या कागदावर तेथे आले होते हा प्रश्न येथे गौण आहे. बदलीवरचा माणूस अजून मूळ गावाच्याच मोलाचा आहे असे मालकाला वाटू शकते, आणि त्या माणसाला त्याच्यापुढे ‘मग मी चाललो’ एवढे तीन शब्द उच्चारता येत नाहीत, हे त्यातले सार.

म्हणूनच स्थानिक कामगाराचे नुकसान आणि परक्या कामगाराची अगतिकता ही दोन वेगळी प्रकरणे मानण्याची चूक दोन्हीकडचे पुढारी करतात असे माझे मत आहे. ज्याला मालक बदलता येत नाही तो स्वस्त होतो. तो स्वस्त झाला की शेजारच्याचा भाव उतरतो. फ्लोरिडातील कर्मचाऱ्याचा रोष आणि आपल्या अभियंत्याचे मौन एकाच कलमातून उगवलेले आहे. तो रोष चामडीच्या रंगावर आणि उच्चारांवर निघतो हे दुर्दैव. पण त्याची मुळे कायद्यात आहेत आणि ती तेथूनच उपटली पाहिजेत.

मोठ्या कंपन्यांविषयी इतके बोलल्यावर लहान उद्योजकाविषयी न बोलणे अन्यायाचे होईल, कारण विस्तारासाठी बदलीची खरी गरज त्याला आहे आणि कायद्याची खरी झळही त्यालाच बसते. भारत फोर्जसारखा पुण्याचा मोठा उद्योग २००४ साली जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही जुनी घणकाम-कंपनीच विकत घेऊ शकतो. भोसरीतील पंचवीस माणसांच्या कारखानदाराला ते शक्य नसते. तो आपल्या विश्वासातला एक माणूस ओहायोत किंवा मिशिगनमध्ये धाडतो. नव्या कचेरीसाठी परवाना प्रथम एकच वर्षाचा मिळतो. जागा भाड्याने घेतल्याचा कागद दाखवावा लागतो, आणि वर्षाअखेरीस हे सिद्ध करावे लागते की हा गृहस्थ आता खरोखरच व्यवस्थापक आहे, म्हणजे रोजचे हातकाम दुसरे करतात आणि तो त्यांच्यावर वा एखाद्या महत्त्वाच्या विभागावर देखरेख ठेवतो. आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. पहिल्या वर्षी तो माणूस सकाळी गाळ्याचे शटर स्वतः वर करतो, भारतातून आलेल्या पेट्या स्वतः फोडतो, नगांची मापे स्वतः घेतो, गिऱ्हाइकाच्या खरेदीप्रमुखाला भेटायला चार तास स्वतः गाडी हाकतो आणि रात्री बिले करतो, कारण त्या वेळी पिंपरी-चिंचवडला सकाळ झालेली असते व मालकाचा फोन येणार असतो. नवे ठाणे असेच उभे राहते. दुसऱ्या कोणत्याही रीतीने ते कधी उभे राहिलेले नाही. पण मुदतवाढीच्या अर्जात हाच सर्व प्रामाणिक उद्योग त्याच्या विरुद्ध पुरावा ठरतो: हा तर हातकाम करतो, हा व्यवस्थापक कसला! ज्या कंपनीजवळ वकिलांची फौज आहे आणि अधिकारपदांचा मनोरा कागदावर रचण्याचे कौशल्य आहे ती येथे तरून जाते. ज्याने खरोखर एकट्याने धंदा उभारला तो वर्षभरात परत येतो. या वर्गाच्या अर्जांचे निकष माणसांची उतरंड मोजतात. त्यांनी उलाढाल, नवी गिऱ्हाइके आणि स्थानिकांना मिळालेले रोजगार मोजले, आणि मुदत दोन वर्षांची केली, तर हा कायदा ज्या हेतूने झाला त्या हेतूला तो अधिक प्रामाणिक राहील.

बदलीवरच्या माणसाच्या पगारातून जी वर्गणी कापली जाते तिचा हिशेब तर याहूनही विषम आहे. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षानिधीत कर्मचारी वेतनाच्या ६.२ टक्के भरतो आणि मालक तितकेच भरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क लागण्यासाठी चाळीस तिमाहींची, म्हणजे दहा वर्षांची भरती लागते. ज्याला कायदा पाच किंवा फार तर सात वर्षेच राहू देतो, त्याने त्या परवान्यावर दहा वर्षे कोठून भरावीत? तो परत आला की त्याची रक्कम तेथेच राहते. बेल्जियम, जर्मनी, जपान इत्यादी देशांशी भारताचे करार आहेत, त्यामुळे ठरावीक मुदतीच्या बदलीवर गेलेल्याला तेथील वर्गणी माफ होते. ब्रिटनशी २०२५ साली झालेल्या व्यापारकराराबरोबरही दुहेरी वर्गणी टाळण्याची तजवीज ठरली. अमेरिकेशी मात्र, भारताने वर्षानुवर्षे मागणी करूनही, असा करार झालेला नाही. तेथील कायद्याला समोरच्या देशाची निवृत्तियोजना सर्वसाधारण लोकसंख्येला लागू असलेली हवी आणि आपला भविष्यनिर्वाह निधी संघटित कामगारापलीकडे फारसा पोचत नाही. आपल्या शेतमजुराला आणि हमालाला निवृत्तिवेतन नाही, ही उणीव अशी न्यूजर्सीतल्या अभियंत्याच्या वेतनपत्रकात उमटते.

राष्ट्रांनी ही व्यवस्था इतक्या सहज का स्वीकारली याचे उत्तर जागतिक व्यापाराच्या करारांत सापडते. १९९५ साली सेवाव्यापाराचा सर्वसाधारण करार अमलात आला, तेव्हा माणसांच्या तात्पुरत्या येण्याजाण्याविषयी बहुतेक सदस्यांनी जी वचने दिली ती प्रामुख्याने कंपनीअंतर्गत बदलीवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती आणि तज्ज्ञांपुरती होती. भांडवल येत आहे, तर त्याच्याबरोबर त्याची माणसेही येऊ द्यावीत, हा त्यामागचा विचार. भारताने स्वतंत्र व्यावसायिकासाठी वेगळे दार मागितले. ते फारसे उघडले नाही. पुढे अमेरिकेने, ज्या कंपन्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारी एच-१बी वा एल-१ परवानाधारक आहेत त्यांच्यावर २०१० साली जादा शुल्क बसविले आणि २०१५ अखेर ते एल-१ साठी साडेचार हजार डॉलरांवर नेले, तेव्हा मार्च २०१६ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नोंदविली. फिर्याद रास्त होती. पण ज्या निकराने आपण कंपनीच्या शुल्कासाठी उभे राहिलो, त्या निकराने आपल्या नागरिकाला मालक बदलण्याची मुभा मिळावी, त्याला स्थानिकांइतके वेतन मिळावे, यासाठी उभे राहिलो नाही. आपल्याही मुत्सद्द्यांनी हा प्रश्न कंपनीच्याच खुर्चीत बसून पाहिला.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने, बदलीवर आलेल्याचे वेतन तत्सम पदावरील स्थानिकापेक्षा कमी असता कामा नये असे ठरविले आहे. अमेरिकेने एवढे केले तरी निम्मी तक्रार मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी मी असे सुचवितो की मंजूर मुदतीचा ठरावीक काळ, समजा दोन वर्षे, कंपनीत काढल्यावर त्या माणसाला उरलेल्या मुदतीत दुसऱ्या मालकाकडे रुजू होण्याची परवानगी असावी. एकूण वर्षे वाढत नाहीत, त्यामुळे स्थलांतराचे मागचे दार उघडले हा आक्षेप टिकत नाही. कंपनी म्हणेल, आम्ही खर्च करून माणूस आणला तो दुसऱ्याने न्यावा काय? तर दोन वर्षांत त्याच्या कामाने तो खर्च भरून निघावा, आणि पुढे माणूस राहावा असे वाटत असेल तर त्याला राहावेसे वाटेल असे वागवावे, जसे ती आपल्या अमेरिकन नोकराला वागविते. १९९० पासून व्यवस्थापकवर्गातील बदलीवाल्यांना तेथे कायम वास्तव्याची स्वतंत्र वाट आहे, अर्थात तीही कंपनीच्याच अर्जाने. आणि २००२ पासून एल-१ वाल्याच्या पत्नीला वा पतीला नोकरीची मुभा आहे. या शेवटच्या सुधारणेने काही आभाळ कोसळले नाही. उलट ज्या घरात दुसरी मिळकत आहे त्या घरातला माणूस साहेबापुढे थोडा ताठ बसतो, हे त्या कुटुंबांशी ज्यांचा परिचय आहे ते सारे सांगतील.

आणि आपल्या घरचे काय? परदेशी पाठविण्यापूर्वी कर्मचाऱ्याकडून काही लाखांचा करारनामा लिहून घेण्याचा शिरस्ता आपल्याकडील कित्येक कंपन्यांत आहे: परत आल्यावर अमुक महिने नोकरी सोडलीस तर एवढी रक्कम भर. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ एवढेच म्हणते की करारभंगाची भरपाई वाजवी असावी आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा समजावी. पण पंचविशीतल्या मुलाला हे कलम कोण सांगतो? तो आकडा पाहून गप्प बसतो. तिकडे साठ दिवसांचा नियम आणि इकडे लाखांचा कागद, अशा दोन दोरांनी बांधलेला माणूस कंपनीचा विस्तार पाहतो आणि स्वतःचा संकोच सोसतो. चाकणला आणि रांजणगावला जर्मन, कोरियन, जपानी कंपन्यांची माणसे याच रीतीने बदलीवर येतात, आणि त्यांच्याबाबत आपलाही कायदा काही निराळा नाही: रोजगार-व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला सव्वासोळा लाख रुपये वेतनाची अट आहे, जी स्थानिकाच्या रोजगाराचे रक्षण करते म्हणून चांगली आहे; परंतु तो व्हिसा एका मालकाला बांधलेला आहे, आणि २००८ पासून, ज्या देशाशी आपला करार नाही तेथून आलेल्याच्या संपूर्ण पगारावर भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी आपण घेतो व ती एरवी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत अडकवून ठेवतो. वॉशिंग्टनकडे मागणी करायची तर दिल्लीने हे नियम आधी सैल करावेत. चाकणच्या परदेशी अभियंत्याला दोन वर्षांनंतर मालक बदलण्याची आणि जाताना आपली जमा रक्कम नेण्याची मुभा देण्यासाठी आपल्याला कोणाच्याही संमतीची वाट पाहावी लागत नाही.